नियमानं अकरा

छत्रपती संभाजीनगर
४ ऑगस्ट २०२५

श्रीमती दीपमाला साहेबराव ठोंबरे,
गणित शिक्षिका, वैजापूर

यांस,

आपल्या शाळेतून आठवी उत्तीर्ण झालेली मोनिका सोमनाथ गायके ही मुलगी यंदा आमच्या शाळेत नववीत आली आहे. ती वसतिगृहात राहते. तिच्या कागदांत वर्गशिक्षिका म्हणून आपल्या सहीचे शिफारसपत्र आहे. "प्रामाणिक व कष्टाळू" असे आपण त्यात लिहिले आहे. या दोन शब्दांपैकी पहिल्याबद्दल मला विचारायचे आहे.

मी दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तरी मुख्याध्यापकांनी हे काम माझ्याकडे दिले, कारण कॉपी ओळखण्यात माझी चूक होत नाही अशी शाळेत समजूत आहे.

प्रकार असा. घटक चाचणीत केवल मूल्यावर पाच उदाहरणे होती. मोनिका आणि तिच्या बाकावरची मनस्विनी यांची पाचही उत्तरे एकसारखी आहेत. त्यांतली तीन चुकीची. उदाहरणार्थ, |३ − ८| याचे उत्तर दोघींनी ११ लिहिले आहे. तीनातून आठ गेले की उणे पाच, आणि उणे पाच शून्यापासून पाच घरे दूर. म्हणजे उत्तर ५. हे आपल्याला सांगायला नको. बाकीच्या वर्गात एकाचेही उत्तर अकरा नाही.

बरोबर उत्तर सगळ्यांचे एकच असते. चूक मात्र ज्याची त्याची असते. दोन पेपरांत चूक जुळली की एकीची नजर फिरली असे समजावे. हे मी एकतीस वर्षे सांगत आले.

मनस्विनीला मी लहानपणापासून ओळखते. मोनिकाला ओळखत नाही. म्हणून विचारते: आपल्याकडे असताना तिने परीक्षेत असा काही प्रकार केला होता का? केला असल्यास आपण तो का नोंदवला नाही? आणि आपण तिच्या नात्यातल्या आहात का?

गुरुवार दि. २१ रोजी समिती बसणार आहे. कॉपी ठरली तर तिला दाखला देण्यात येईल आणि वसतिगृहही सोडावे लागेल. उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये. फोनवर बोललेले माणसे नंतर नाकारतात.

प्रमोदिनी बिडकर
निवृत्त गणित शिक्षिका

ता. क. आपण आमच्याच शाळेच्या विद्यार्थिनी होतात हे मला ठाऊक आहे. त्याचा या चौकशीशी संबंध नाही.


८ ऑगस्ट

दीपमाला,

तुझं उत्तर मिळालं. तीन प्रश्नांना तीन ओळी. "मोनिका कॉपी करत नाही. ती माझ्या नात्यातली नाही. बाई, तुम्हाला हे पटणार नाही हे मला माहीत आहे, कारण एकदा मलाही पटवता आलं नव्हतं."

तिसऱ्या ओळीत प्रश्नाचं उत्तर नाही, टोमणा आहे. तू टोमणा मारलास, म्हणून मीही 'आपण' सोडते.

सन २०१० मध्ये जे झालं ते तू अजून धरून बसली आहेस असं दिसतं. तेव्हाही केवल मूल्याचाच धडा होता, ते खरं. तुझ्या आणि तुझ्या शेजारच्या मेघाच्या पेपरांत तीच चूक होती, तेही खरं. मी नियमाप्रमाणे वागले. मेघाची वही स्वच्छ, वडील बँकेत, घरी अभ्यास घेणारी आई. तू आदल्याच वर्षी खेड्यातून आली होतीस. कोणी कोणाचं पाहिलं असेल याचा अंदाज कोणीही बांधला असता. मी तुला त्या प्रश्नात शून्य दिलं आणि वर्गात सांगितलं. तू उभी राहून काहीतरी बोलायला लागलीस, मी "बस खाली" म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या वडिलांनी तुझा दाखला काढला. तो त्यांचा निर्णय होता.

आता मोनिकाबद्दल. काल तिला एकटीला स्टाफरूममध्ये बोलावलं. उंच आहे, हात पाठीमागे बांधून उभी राहते, डोळ्याला डोळा देते. डोळ्याला डोळा देणारी मुलं एक तर खरी असतात, नाहीतर फार सरावलेली.

"मनस्विनीच्या पेपरात बघितलंस?"

"नाय बाई."

"मग दोघींचं अकरा कसं?"

"अकराच येतंय ना बाई."

"वर्गात बाकी कोणाचं आलं नाही."

"त्याहीचं चुकलं आसंल."

मला हसू आलं नाही. पण बुद्धभूषण सरांना आलं. ते माझ्या जागेवर आलेले गणिताचे शिक्षक, पोरगेलेसे आहेत, माझ्यापुढे अजून खुर्चीच्या कडेवर बसतात. पेपर त्यांनीच माझ्याकडे आणले होते. "बाई, चूक जुळली की नजर फिरली, तुम्हीच सांगायच्या," म्हणाले.

मी तिला तिथेच कोरा कागद दिला आणि नवीन उदाहरणं घातली. |१ − ६|, |५ − ९|. खोलीत आम्ही दोघं आणि ती. तिने लिहिलं सात आणि चौदा. मग तिला बाहेर बसवून मनस्विनीला आत घेतलं. सात आणि चौदा.

याचा अर्थ तुझ्या लक्षात आला असेल. परीक्षेच्या वेळी बघितलं असो नसो, दोघींनी एकाच ठिकाणी काहीतरी वाचलं आहे. चोरीची विहीर एकच आहे. ती मी शोधीन.

तू मोनिकाला फोन केलास का? वसतिगृहात रविवारी फोन घेऊ देतात असं कळलं. खरं सांग.

प्रमोदिनी बिडकर


१३ ऑगस्ट

दीपमाला,

फोन केला नाहीस असं लिहितेस. वसतिगृहाच्या बाईंकडे नोंदवही असते, ती मी पाहिली. तू केलेला नाहीस. एवढं मान्य.

परवा औरंगपुऱ्यात गेले. मला वाटत होतं, एखाद्या गाइडात छापण्याची चूक असेल आणि दोघींनी तीच पाठ केली असेल. चार दुकानं फिरले. नववीच्या गणिताची जेवढी गाइडं मिळाली तेवढ्यांतला केवल मूल्याचा भाग उभ्या उभ्या वाचला. तिसऱ्या दुकानातला मालक शेवटी म्हणाला, "काकू, पुस्तक तरी घ्या, नाहीतर स्टूल तरी घ्या." स्टूल घेतलं. सगळी गाइडं बरोबर आहेत. एकातही अकरा नाही.

मग ट्यूशन. वर्गात सदतीस मुलं. मी बुद्धभूषण सरांना प्रत्येकाकडून लिहून घ्यायला लावलं, कोण कुठल्या क्लासला जातो. पस्तीस मुलं कुठे ना कुठे जातात. दोघी जात नाहीत. कोण दोघी, ते तुला सांगायला नको.

मनस्विनीच्या वडिलांना, श्रीधररावांना, शाळेत बोलावलं. ते वकील आहेत. म्हणाले, "बाई, मी पोरीला शाळेत घातलंय. तिथं शिकवत असतील तर क्लास कशाला? आणि शिकवत नसतील तर शाळा कशाला?" उलटतपासणी घ्यायला गेले आणि माझीच झाली. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि समजा कॉपी झालीच असेल, तर ती माझ्या मुलीनं केली नसेल कशावरून?"

हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मीही नाही.

तर आता शिल्लक काय राहतं बघ. गाइड नाही, क्लास नाही, फोन नाही. एक मुलगी तुझ्याकडून आलेली. दुसरी तिच्याशेजारी बसणारी. चुकीचा नियम मोनिकाने वैजापूरहून आणला आणि बाकावर मनस्विनीला शिकवला. आणि तिला तो कोणी शिकवला असेल? नववीत असताना जिने स्वतः |३ − ८| चं उत्तर अकरा लिहिलं होतं, तिनेच.

मला राग नाही. पण स्वतःची चूक न सुधारता तू मास्तरीण झालीस आणि ती चूक मुलांच्या हातात दिलीस, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. अहवालात तसं लिहीन. खोडून काढायचं असेल तर पुरावा पाठव.

प्रमोदिनी बिडकर


१७ ऑगस्ट

दीपमाला,

पाकीट मिळालं.

आधी तुझं पत्र वाचलं. पान नंतर उलगडलं. हे क्रमाने सांगते, कारण पत्र वाचताना माझा तुझ्यावर विश्वास बसला नव्हता.

तू लिहिलं आहेस की आठवीत मोनिकाला तू केवल मूल्याच्या उभ्या रेषा शिकवल्याच नाहीस, फक्त अंतर शिकवलंस. शाळेच्या पटांगणात चुन्याने लांब रेघ मारायची, झेंड्याच्या खांबापाशी शून्य, आणि एकेकाला चालवायचं. "पुढं पाच पावलं जा नाहीतर मागं पाच पावलं जा, चप्पल तेवढीच झिजती." हे वाक्य तुझं का तुझ्या आईचं? एकतीस वर्षांत मला असं वाक्य सुचलं नाही.

मला हे खरं वाटलं नाही, म्हणून काल मोनिकाला पुन्हा बोलावलं. स्टाफरूमच्या फरश्या मोठ्या आहेत. म्हटलं, "इथं उभी राहा. तीन फरश्या पुढे जा. आता आठ मागे ये. जिथून निघालीस तिथून किती लांब आहेस?"

तिने मोजलं सुद्धा नाही. "पाच."

"मग पेपरात अकरा का लिहिलंस?"

"नियमानं अकरा."

"म्हणजे?"

"खरं पाच हाय, बाई. पण पेपरात नियमाचं लिवायचं आसतं ना. तिकडं मॅडमनी चालून दाखवलं व्हतं. इथल्या सरांनी नियम दिला. मंग म्या नियम धरला."

"वही आण."

ती वसतिगृहातून वही घेऊन आली. मधल्या वेळात मी तू पाठवलेली रंगीत झेरॉक्स उलगडून टेबलावर ठेवली होती. तुझी नववीची वही. तारीख १२ जुलै २०१०. मोनिकाची वही शेजारी ठेवली. तारीख ९ जुलै २०२५. दोन्ही पानांवर पहिली ओळ एकच: "दोन उभ्या रेषांच्या आत वजा दिसला की त्याचा अधिक करावा." शब्द तोच, 'करावा' सुद्धा तोच. तुझ्या पानावर ओळीखाली लाल शाईची बरोबरची खूण. माझ्या खुणेचं शेपूट लांब असतं. शाळेत दुसऱ्या कोणाचं तसं नव्हतं.

बुद्धभूषण सर बाजूलाच उभे होते. त्यांना विचारलं, "हे कुठून घेतलंत?"

"तुमच्या टाचणातून, बाई."

निवृत्त होताना मी माझी टाचणं, म्हणजे तासाला काय शिकवायचं ते लिहिलेल्या वह्या, त्यांना दिल्या होत्या. त्यांनी त्यांना ब्राउन कव्हरं घातली आहेत. नववीची वही काढून त्यांनी पान समोर धरलं. ओळ माझ्या अक्षरात आहे. उणे पाचाला ती चालते. उणे चार वजा सहा यालाही चालते. तीन वजा आठला चालत नाही. नियम शब्दशः पाळला तर तीन अधिक आठ होतं.

बाकीची पस्तीस मुलं वाचली, कारण त्यांनी वर्गात सांगितलेलं ऐकलंच नाही. त्यांनी क्लासमध्ये ऐकलं. शिक्षकाचं जसंच्या तसं ऐकणाऱ्या दोघीच होत्या.

तू आणि मेघा क्लासला जात होतात का? उत्तर देऊ नकोस. मला माहीत आहे.

त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह आहे. सरांनी विचारलं, "बाई, हे कशाला? मला वाटलं, इथं मुलांना प्रश्न विचारायचा असेल, म्हणून मी तिथं थांबून विचारतो." मी म्हटलं, हो, तशीच खूण आहे ती.

मोनिकाबद्दल काळजी करू नकोस. अहवाल तिच्या बाजूने जाईल. नियम अपुरा होता एवढं मी नमूद करीन.

प्रमोदिनी बिडकर


१८ ऑगस्ट

दीपमाला,

कालचं पत्र टाकलं आणि आज पुन्हा लिहायला बसले. कालच्या पत्रात एक खोटं आहे.

ते प्रश्नचिन्ह मुलांसाठी नव्हतं.

जानेवारी २०११. तू जाऊन पाच महिने झाले होते. सत्र परीक्षेला आलेल्या एका मुलाला, सुदर्शनला, नुकत्याच कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं होतं. शेजारी कोणी नाही, पुढचा बाक रिकामा. त्याच्या पेपरात |३ − ८| बरोबर अकरा.

मी तो पेपर बराच वेळ हातात धरून बसले. एकटा मुलगा कोणाचं बघणार? मग टाचण काढलं, ओळ वाचली आणि मला कळलं. तेव्हाच कळलं. परवा नाही. औरंगपुऱ्यात गाइडं चाळत फिरले, ती टाचण उघडावं लागू नये म्हणून.

त्या दिवशी मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. पुढच्या वर्षापासून वर्गात तोंडी नीट शिकवू लागले, फळ्यावर संख्यारेषा काढून. पण टाचणातली ओळ खोडली नाही. टाचणावर मुख्याध्यापकांची सही झालेली होती. सही झालेल्या पानावर खाडाखोड करायची नाही, हा माझा शिरस्ता. ओळ खोडली असती तर का खोडली हे कोणीतरी विचारलं असतं. मग तुझा पेपर निघाला असता.

ती वही मी तशीच बुद्धभूषण सरांच्या हातात दिली. त्यांनी सहीवर विश्वास ठेवला, प्रश्नचिन्हावर नाही.

मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला. भाजीवाल्याच्या काट्यावर, गॅसच्या टाकीच्या वजनावर, मुलांच्या खिशांवर, तुझ्यावर. एकदाच तो माझ्यावर आला, तेव्हा मी त्याला पेन्सिलीने लिहिलं.

आणखी एक. "दाखला काढणं हा वडिलांचा निर्णय होता" असं मी लिहिलं. तेही पूर्ण खरं नाही. ऑफिसात मी त्यांना म्हटलं होतं, "हिला गावाकडेच ठेवा, इथं तिला झेपणार नाही." ते टोपी हातात घेऊन उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

समितीला तीन दिवस आहेत. अहवालात नियम "अपुरा" लिहायचा की "चुकीचा", आणि कोणाचा हे लिहायचं की नाही, असं काल रात्रीपर्यंत माझ्या मनात होतं. आता नाही.

प्रमोदिनी बिडकर


२१ ऑगस्ट

दीपमाला,

समिती संपली. मोनिका शाळेत राहील, वसतिगृहातही राहील. तिला आज सकाळीच सांगितलं. तिने विचारलं, "मंग आता पेपरात पाच लिवायचं का?" मी हो म्हटलं. "बरं झालं," म्हणाली, "अकरा मलाबी पटत नव्हतं." हे तिने आधी का सांगितलं नाही असं विचारणार होते. विचारलं नाही. कोणी बसून ऐकलं असतं तर सांगितलं असतं.

अहवालातली वाक्यं तुझ्या माहितीसाठी उतरवते: "दोन्ही विद्यार्थिनींनी कॉपी केलेली नाही. दोघींची चूक एकाच चुकीच्या नियमातून आली आहे. तो नियम माझ्या टाचणातील असून त्यातील चूक मला जानेवारी २०११ पासून ठाऊक होती. याच चुकीवरून सन २०१० मध्ये दीपमाला साहेबराव ठोंबरे या विद्यार्थिनीवर मी कॉपीचा आरोप केला. तो आरोप खोटा होता."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मोनिकापुरतं लिहा ना. जुनं कशाला उकरता? 'गैरसमज' म्हणू."

मी म्हटलं, "गैरसमज दोघांत होतो. हा एकटीचा आहे."

बुद्धभूषण सर खाली मान घालून बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मला का नाही दिसलं, बाई?" मी म्हटलं, "तुम्ही गणित तपासलं नाहीत, अक्षर ओळखलंत." टाचणातली ओळ त्यांच्यासमोर लाल शाईने खोडली. सहीच्या पानावर. खाली तारीख टाकली.

तुझं पत्र समितीला जायच्या आधी दारात मिळालं. मी माफी मागितली नाही हे बरं केलं, असं लिहितेस. "ती मिळाली असती तर मला काहीतरी म्हणावं लागलं असतं." ठीक. तू मागितलंस ते दुसरंच. तुझ्या वडिलांना, आबांना, जाऊन सांगायचं. त्यांना अजून वाटतं की तू बघून लिहिलं होतंस. तू बी.एड. झालीस तेव्हा पेढा हातावर ठेवत ते म्हणाले, "ह्या बारीला तरी सोताचं लिवलं ना?" आणि तू हो म्हणून पेढा खाल्लास.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. तू रचलं असशील अशी शंका घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मी जाईन.

प्रमोदिनी बिडकर


२५ ऑगस्ट

दीपमाला,

आज वैजापूरला जाऊन आले. तू शाळेत असशील त्याच वेळी गेले. तुझ्यासमोर मला सांगता आलं नसतं. याला काय म्हणायचं ते तू ठरव.

घर सापडायला वेळ लागला नाही. मार्केट यार्डापाशी "गणिताच्या मॅडमचं घर" विचारलं तर कांद्याच्या गोण्या उतरवणारे दोघं एकदम हात करायला लागले, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही, तिसऱ्याला विचारलं. उजवीकडचा बरोबर होता.

आबांनी मला ओळखलं. पंधरा वर्षांनी, या पांढऱ्या केसांत. म्हणाले, "या बाई. बसा."

मला बसा म्हणाले.

मी बसले नाही. आधी सांगितलं, उभ्यानेच. पाठ करून गेले होते तरी वाक्यं पुढेमागे झाली. तुमच्या मुलीनं कॉपी केली नव्हती. चूक माझी होती. मी शिकवलं तेच तिनं लिहिलं. मला पाच महिन्यांनी कळलं आणि मी तुम्हाला कळवलं नाही. अहवालाची प्रत त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी ती घेतली नाही. पाणी आणायला आत गेले. बऱ्याच वेळाने तांब्या घेऊन आले. म्हणाले, "बाई, तव्हा तुमी म्हणलात, म्या मानलं. आता तुमी म्हणता, आताबी मानतो. तुमी शिकलेल्या. पर पोरगी तव्हा काय म्हणत व्हती? ते तुमी ऐकलं न्हाई. अन् म्याबी न्हाई ऐकलं."

मग म्हणाले, "येष्टीत सगळ्या वाटंनं काहीतरी सांगत व्हती. आकडं सांगत व्हती. म्या म्हणलं, गप बस."

मी पाणी प्याले. ते दारापर्यंत आले. अहवाल मी ओट्यावर ठेवला, वर त्यांचा चष्मा ठेवला, वाऱ्याने जाऊ नये म्हणून. तू संध्याकाळी आलीस तेव्हा कागद तिथे होता का? त्यांनी तुला काही म्हटलं का? मला सांगू नकोस. ते तुमचं.

मला फक्त एक हवं आहे. त्या दिवशी वर्गात तू उभी राहिलीस आणि बोलायला लागलीस. मला तुझ्या वेण्या आठवतात, बाकावर टेकलेला हात आठवतो, मी "बस खाली" म्हटलेलं आठवतं. तू काय सांगत होतीस ते आठवत नाही, कारण मी ते ऐकलंच नव्हतं. तुझ्या आबांनाही आठवत नाही. ते आता फक्त तुझ्याकडे आहे.

ते लिहून पाठव. चौदा वर्षांच्या मुलीनं जसं सांगितलं असतं तसंच लिही, सुधारू नकोस. चुकलं असेल तर चुकू दे. वाचताना हातात लाल पेन घेणार नाही.

बाई